आघात, स्वीकार आणि परिवर्तन : मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीचा परिचय

प्रस्तुत लेखाचा विषय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांचे कार्य हा आहे. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाश्चात्त्य मानसोपचारावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मृत्यूच्या उंबरठ्यावर पुन्हा पुन्हा जाऊन उभ्या राहणाऱ्या रुग्णांसाठी लिनेहान यांनी जी उपचारपद्धती सिद्ध केली, तिच्या घडणीत बौद्ध ध्यानपरंपरेचा, विशेषतः झेन संप्रदायाचा, मोठा वाटा आहे आणि तो त्यांनी कोठेही लपविलेला नाही. शिवाय ज्या प्रश्नाचे उत्तर त्या आयुष्यभर शोधत राहिल्या, तो प्रश्न धम्माच्या अभ्यासकाला परका नाही. आघाताने मोडलेला माणूस टिकाऊ रीतीने बदलू शकतो काय, आणि बदलत असेल तर नेमका कशाने बदलतो, असा तो प्रश्न आहे.

सव्वीस महिने

लिनेहान यांचा जन्म ५ मे १९४३ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या शहरी एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. वडील तेलाच्या व्यवसायात होते. सहा भावंडांत त्या तिसऱ्या. शाळेत हुशार, पियानोवादनात निपुण अशी ही मुलगी किशोरवयात आतून कोसळू लागली. मार्च १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिला कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे ती सव्वीस महिने राहिली. स्वतःला इजा करून घेण्याची तिची प्रवृत्ती इतकी अनावर होती की, बराच काळ तिला एकांत खोलीत ठेवावे लागले. निदान झाले ते स्किझोफ्रेनियाचे. त्या काळी उपलब्ध असलेली थोराझिनसारखी जबर औषधे आणि विजेचे झटके हे उपचार झाले. झटक्यांमुळे आपल्या पूर्वायुष्यातील बहुतेक आठवणी पुसल्या गेल्या, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. मे १९६३ अखेर त्या बाहेर पडल्या, तेव्हा त्यांना बरे वाटत होते असे कोणीच म्हणू शकले नसते.

एक गोष्ट मात्र त्यांनी तेथे ठरविली होती. आपण या नरकातून बाहेर पडायचे, आणि बाहेर पडल्यावर परत येऊन इतरांना बाहेर काढायचे. हा संकल्प त्यांनी आपल्या श्रद्धेनुसार ईश्वराला साक्षी ठेवून केला. महायान ग्रंथांतील बोधिसत्त्वाच्या प्रणिधानाशी त्याचे साम्य आपल्या वाचकांच्या सहज ध्यानात येईल; लिनेहान यांना त्या वेळी त्या ग्रंथांची काही माहिती असण्याचे कारण नव्हते.

यानंतर त्या शिकागोला गेल्या. विमा कंपनीत कारकुनी, रात्री लोयोला विद्यापीठाचे वर्ग, भाड्याची खोली, आणि अधूनमधून पुन्हा तोच अंधार. १९६७ साली एका कॅथलिक प्रार्थनागृहात बसल्या असता त्यांना एक विलक्षण अनुभव आला. सारी जागा तेजाने उजळल्यासारखी वाटली, आणि खोलीवर परतल्यावर आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःविषयी प्रेमाचे शब्द उच्चारले. विवेकवादी वाचक येथे अडखळेल, आणि त्याने अडखळावेही. परंतु लिनेहान यांचे वैशिष्ट्य पुढे दिसते. त्या अनुभवाची ऊब साधारण वर्षभर टिकली. एका प्रेमसंबंधाच्या शेवटाबरोबर जुने दुःख परत आले. तरीही काहीतरी बदलले होते. आता ते वादळ स्वतःला इजा न करता सोसता येत होते. असे का झाले, याचा शोध त्यांनी शास्त्रज्ञाच्या वृत्तीने घेतला. साक्षात्कार कोणाला शिकविता येत नाही, तो रुग्णाला औषध म्हणून देता येत नाही. त्यातील शिकविता येण्याजोगा अंश कोणता, एवढेच त्यांनी विचारले. त्यांचे उत्तर असे होते की, स्वतःला हवे होते ते व्यक्तिमत्त्व आणि प्रत्यक्षातले व्यक्तिमत्त्व यांतली भीषण दरी त्या दिवशी त्यांनी प्रथम मान्य केली होती.

१९७१ साली लोयोला विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. बफेलो येथील आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात त्यांनी काम केले, नंतर स्टोनी ब्रुक येथे वर्तनोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले, वॉशिंग्टन शहरातील कॅथलिक विद्यापीठात काही वर्षे अध्यापन केले आणि १९७७ पासून सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्या स्थिरावल्या.

दोन अपयशे

वर्तनोपचाराचे मूळ सूत्र साधे आहे. वर्तन शिकलेले असते, म्हणून ते बदलता येते. भीती, सवय, टाळाटाळ यांची कारणे शोधा आणि नवे वर्तन शिकवा. १९८०च्या दशकाच्या आरंभी, सरकारी अनुदानावर, लिनेहान यांनी हेच सूत्र आत्महत्येचे वारंवार प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर लागू केले. अनुदान देणाऱ्या संस्थेला एखादा नाव असलेला विकार हवा होता. ‘मरण्यापर्यंत दुःखी’ हे काही निदान नव्हे. म्हणून ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकृतीच्या निकषांत बसणाऱ्या स्त्रिया निवडल्या गेल्या. भावना क्षणात उसळणे, त्या लवकर न ओसरणे, नाती तुटण्याची प्रचंड भीती, स्वतःविषयी घृणा, स्वतःला इजा करणे ही त्या विकृतीची प्रमुख लक्षणे होत. या रुग्णांना त्या काळी अनेक उपचारतज्ज्ञ टाळत असत. त्यांना ‘हट्टी’, ‘कारस्थानी’, ‘लक्ष वेधून घेणारे’ म्हणण्याची रूढी होती. स्वतः लिनेहान यांचे मत असे आहे की, तरुणपणी आपल्यालाही हेच निदान लागू पडले असते.

प्रयोग फसला. “हे बदला, ते शिका” असे सांगताच रुग्ण चिडत, उठून जात किंवा गप्प होत. त्यांना ऐकू येई ते एवढेच की, तुमच्यातच खोट आहे. आणि हे तर त्यांनी जन्मभर ऐकलेले होते. तेव्हा लिनेहान दुसऱ्या टोकाला गेल्या. बदलाचा आग्रह सोडून केवळ सहानुभूतीने ऐकायचे, समजून घ्यायचे. हाही प्रयोग फसला. रुग्ण म्हणू लागले, माझे आयुष्य जळत आहे आणि तुम्ही मला नुसते समजून घेता आहात?

दोन्ही हवे होते, तेही एकाच तासात, कधी एकाच वाक्यात. स्वीकार आणि बदल या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या, याला लिनेहान यांच्याकडे प्रथम नावही नव्हते. त्यांच्या कार्यालयातील एका सहायिकेचे पती मार्क्सच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. तुमची ही पद्धत द्वंद्वात्मक आहे, असे त्या सहायिकेने सुचविले, आणि ‘डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी’ म्हणजेच द्वंद्वात्मक वर्तनोपचार हे नाव पडले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांना समोरासमोर ठेवून विचार मांडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हा योगायोग रोचक वाटावा. अर्थात येथे वर्गसंघर्षाचा काही संबंध नाही. दोन विरोधी विधाने एकाच वेळी खरी असू शकतात आणि त्यांच्या ताणातूनच पुढचे पाऊल पडते, एवढाच अर्थ घ्यावयाचा. ‘मी आता शक्य तेवढे चांगले करीत आहे’ हे खरे, आणि ‘मला याहून चांगले केले पाहिजे’ हेही खरे.

झेनची शाळा

स्वीकार शिकवायचा, तर तो स्वतःला यायला हवा. कॅथलिक परंपरेत लिनेहान यांना प्रार्थना मिळाली होती, पण रुग्णाला पायरीपायरीने शिकविता येईल अशी रीत तेथे सापडेना. म्हणून त्या उत्तर कॅलिफोर्नियातील शास्ता अॅबी या सोतो झेन मठात जाऊन राहिल्या. हा मठ जियु-केनेट या इंग्रज स्त्री-आचार्येने १९७० साली स्थापिला होता. त्यानंतर त्या जर्मनीत विलिगिस येगर यांच्याकडे शिकल्या. येगर हे बेनेडिक्टाइन संन्यासी आणि त्याच वेळी झेन आचार्य होते. २००२ साली त्यांच्या चर्चने त्यांच्या सार्वजनिक अध्यापनावर बंदी घातली. पुढे लिनेहान यांनाही झेन आचार्य म्हणून मान्यता मिळाली. कॅथलिक श्रद्धा त्यांनी सोडली नाही, हेही नोंदवावयास हवे. त्यांना धर्मांतरित बौद्ध समजणे चुकीचे होईल.

येथे एक भाषिक नोंद अप्रस्तुत ठरू नये. संस्कृत ‘ध्यान’, पालि ‘झान’, चिनी ‘चान’, जपानी ‘झेन’ असा हा शब्दाचा प्रवास आहे. शब्द पोहोचला, पण वाटेत त्याच्याभोवतीची रचना बदलत गेली. थेरवादी साहित्यात झान हे चार पायऱ्यांनी काटेकोर वर्णिलेले आहे. झेनमध्ये बसणे हेच प्रधान, वर्णन गौण. लिनेहान यांनी सिअॅटलला परत आणले ते आणखी वेगळे. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात, विविध धर्मांच्या आणि निधर्मी रुग्णांना, मांडी घालून तासभर बसा असे सांगणे शक्य नव्हते. काही रुग्णांना तर डोळे मिटून स्वतःच्या आत पाहणे हाच मोठा भयाचा प्रसंग असे. म्हणून त्यांनी साधनेतील कृती सुट्या केल्या. पाहणे, पाहिलेल्याला शब्द देणे आणि हातातील कामात पूर्ण उतरणे ही तीन कौशल्ये ‘काय करावे’ यासाठी. बरेवाईट न ठरविता, एका वेळी एकच आणि परिणामाकडे लक्ष ठेवून ही तीन ‘कसे करावे’ यासाठी. चपटा दगड तळ्यात टाकला असता तो गिरक्या घेत तळाशी स्थिर होतो, तसे मन स्थिर होत असल्याची कल्पना करा, अशासारखे अभ्यास त्यांनी रचले. भावनेच्या भरातले मन आणि कोरडे तर्कनिष्ठ मन यांच्या मिलाफाला त्या ‘प्राज्ञ मन’ अशा अर्थाचे नाव देतात.

सतिपट्ठान सुत्ताशी परिचित असलेल्यांना पहिल्या दोन कौशल्यांत काही नवे वाटणार नाही. द्वेषयुक्त चित्त असता ते द्वेषयुक्त आहे असे जाणणे, वेदना सुखद की दुःखद हे जाणणे, हेच चित्तानुपश्यना आणि वेदनानुपश्यना यांचे स्वरूप होय. “मी वाईट आहे” आणि “मी वाईट आहे असा विचार या क्षणी मनात आला आहे” ही दोन वाक्ये एकच नव्हेत; पहिल्याने माणूस मरणापर्यंत जाऊ शकतो, दुसऱ्याने तो थांबू शकतो. फरक आहे तो हेतूत. सुत्तातील सती ही शीलावर उभी असते आणि तिची दिशा तृष्णाक्षयाची असते. लिनेहान यांची सजगता रुग्णाने स्वतः ठरविलेल्या ‘जगण्याजोग्या जीवना’कडे नेते, मग ते जीवन नोकरी, घर, मैत्री एवढेच का असेना. हिला धम्म म्हणू नये. लिनेहान यांनीही तसे म्हटलेले नाही. पाश्चात्त्य जगात स्मृतीसाधनेचा जो व्यापार पुढे फोफावला, त्याच्या तुलनेत ही मर्यादा पाळणे मला स्वागतार्ह वाटते.

शृंखला

या पद्धतीचे खरे हत्यार, माझ्या मते, शृंखला-विश्लेषण हे आहे. त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

रुग्ण रोज एका पत्रकावर त्या दिवशीच्या भावना, मनात आलेल्या ऊर्मी आणि वापरलेली कौशल्ये यांची नोंद करतो. आठवड्यात स्वतःला इजा करण्याचा प्रसंग घडला असेल, तर पुढच्या भेटीत इतर सर्व विषय बाजूला राहतात आणि त्या एका प्रसंगाची कडी कडी उलगडली जाते. कल्पना करा, प्रसंग मंगळवारी रात्रीचा आहे. आदल्या रात्री झोप झाली नव्हती, दुपारी जेवण झाले नव्हते; ही पूर्वभूमी. संध्याकाळी बहिणीचा फोन आला आणि ती म्हणाली, “आई तुझ्यामुळेच आजारी पडली”, ही ठिणगी. मग विचार आला, मी सर्वांवर ओझे आहे. छातीत जळजळ झाली. लाज वाटली. लाजेचा राग झाला, राग स्वतःकडेच वळला. दार बंद केले. ऊर्मी आली. कृती झाली. आणि त्यानंतर काय झाले? क्षणभर सुटका वाटली. दुसऱ्या दिवशी बहीण धावत आली आणि रडली. सुटका आणि जवळीक या दोन फळांनीच तो मार्ग पुढच्या वेळेसाठी अधिक पक्का केला. रुग्णाने हे ‘मुद्दाम’ केले असा याचा अर्थ नाही. प्राणिमात्र असेच शिकतात.

यानंतर प्रत्येक कडीजवळ थांबून विचारले जाते, येथे दुसरे काय करता आले असते? जेवणाची कडी असेल, तर वेळेवर जेवण. विचाराची कडी असेल, तर वस्तुस्थितीची पडताळणी. देह पेटलेलाच असेल, तर थंड पाण्यात चेहरा बुडवून काही क्षण श्वास रोखणे. यामुळे हृदयाची गती मंदावते, हा शरीरशास्त्राचा साधा नियम आहे. हृदयविकार असलेल्यांनी मात्र हा उपाय वैद्यांना विचारूनच करावा. फोन करण्याची कडी असेल, तर उपचारतज्ज्ञाला फोन, पण कृतीच्या आधी. कृती झाल्यानंतर चोवीस तास असे फोन लिनेहान यांच्या मूळ पद्धतीत वर्ज्य आहेत; इजा हे जवळीक मिळविण्याचे साधन होऊ नये, म्हणून.

प्रतीत्यसमुत्पादाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, आणि वेदना व तृष्णा यांच्यामधल्या फटीत मुक्तीची शक्यता, हे आपण शिकलो आहोत. दोन बाणांचा दृष्टान्त देणारे सुत्तही हेच सांगते : पहिला बाण सर्वांनाच लागतो, दुसरा अज्ञ माणूस स्वतःच्या हाताने लावून घेतो. तथापि घाईने समीकरण मांडू नये. निदानशृंखला समग्र दुःखाच्या उत्पत्तीविषयी आहे; लिनेहान यांची शृंखला एका मंगळवारच्या रात्रीविषयी आहे. आणि त्या रात्रीतून जिवंत बाहेर पडावयाचे असेल, तर दुसरीचाच उपयोग अगोदर होतो.

प्रमाण

या पद्धतीची पहिली यादृच्छिक चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. ४४ स्त्रियांची दोन गटांत विभागणी, एका गटाला वर्षभर हा उपचार, दुसऱ्याला समाजात उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार. पहिल्या गटात स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले, इजेची गंभीरता कमी झाली, उपचार सोडून जाणाऱ्यांची संख्या कमी राहिली आणि रुग्णालयातील वर्षाचे दिवस सरासरी सुमारे ३९ वरून सुमारे ८ असे दोन गटांतले अंतर दिसले. पण नैराश्य, निराशा आणि मृत्यूचे विचार यांबाबत दोन गटांत फरक आढळला नाही. लिनेहान यांनी हे लपविले नाही. उपचाराने त्या स्त्रिया आनंदी झाल्या नव्हत्या. दुःख तितकेच असता त्यांनी स्वतःला इजा करणे कमी केले होते. आमच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल याच तपशिलात आहे.

१९९३ साली मूळ ग्रंथ व कौशल्य-प्रशिक्षणाची पुस्तिका प्रकाशित झाली. टीकाकार म्हणाले, कोणत्याही अनुभवी तज्ज्ञाने असेच यश मिळविले असते. तेव्हा २००६ साली १०१ स्त्रियांच्या चाचणीत दुसऱ्या गटाला मुद्दाम नामांकित तज्ज्ञांकडे सोपविले गेले. तरीही लिनेहान यांच्या पद्धतीच्या गटात आत्महत्येचे प्रयत्न जवळजवळ निम्मे राहिले. २०१५ साली ९९ स्त्रियांवर पद्धतीचे भाग सुटे करून पाहिले गेले, आणि कौशल्य-प्रशिक्षणाचा भाग ज्यांना मिळाला त्यांनी अधिक प्रगती केली. स्वतःच्या निर्मितीचे तुकडे करून, कोणता तुकडा निरुपयोगी आहे हे तपासणारा निर्माता क्वचितच भेटतो. कालामांना दिलेला उपदेश ज्यांना पाठ आहे, त्यांना ही वृत्ती ओळखीची वाटेल.

आघाताकडे जाण्याची वेळ

लिनेहान यांच्या रुग्णांपैकी अनेकींनी बालपणी लैंगिक वा शारीरिक अत्याचार सोसले होते. मग मूळ जखमेवर प्रथम उपचार का करू नयेत? लिनेहान यांचे उत्तर असे : ज्याला वादळात तग धरता येत नाही, त्याला वादळाच्या मध्यभागी नेऊ नये. म्हणून त्यांनी क्रम लावला. पहिल्या टप्प्यात जीव वाचविणे आणि वर्तनावर ताबा. आघाताच्या आठवणींना सामोरे जाणे दुसऱ्या टप्प्यात. त्यानंतर सर्वसामान्य माणसाचे सर्वसामान्य प्रश्न, आणि शेवटी अपुरेपणाची ती भावना जी संसारात सर्व मिळूनही उरते.

व्यवहारात मात्र दुसरा टप्पा पुष्कळदा पुढे ढकललाच जाई. ही उणीव त्यांच्याच सहकारी मेलानी हार्नेड यांनी भरून काढली. एडना फोआ यांच्या पद्धतीनुसार आघाताची आठवण वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगावयाची, तिचे ध्वनिमुद्रण घरी ऐकावयाचे, भीतीमुळे टाळलेल्या पण सुरक्षित अशा जागी हळूहळू जावयाचे; मात्र सुमारे दोन महिने स्वतःला इजा न केल्यानंतरच. २०१४ सालच्या २६ स्त्रियांच्या छोट्या चाचणीत हे सुरक्षितपणे करता येते असे दिसले. जर्मनीत मार्टिन बोहुस यांनी वेगळी वाट घेतली. बालपणीच्या अत्याचारातून आलेल्या आघातोत्तर तणावाच्या १९३ स्त्रियांवरील त्यांची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. आघातासाठी घडविलेला द्वंद्वात्मक उपचार आणि दुसरी एक मान्यवर पद्धत, दोहोंनीही सुधारणा झाली, पहिल्याने थोडी अधिक. मूळ प्रश्नाचे उत्तर यातून काहीसे मिळते. टिकाऊ बदल शक्य आहे, पण त्याला क्रम आहे.

स्वीकार म्हणजे शरणागती काय?

आता आपल्या वाचकांच्या मनात आलेला आक्षेप. ‘आमूल स्वीकार’ हे लिनेहान यांचे एक प्रमुख कौशल्य आहे. स्वीकार हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नाही, आणि त्याला इतिहास आहे. दैव स्वीकारा, जन्म स्वीकारा, पूर्वकर्माचे फळ म्हणून भोगा, असे ज्यांना शतकानुशतके सांगितले गेले, त्यांनी हा शब्द संशयानेच घ्यावा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांविषयी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता : दुःखाचाच घोष करणारी शिकवण माणसाला आशा कशी देईल?

लिनेहान यांचा स्वीकार हा मान्यतेहून भिन्न आहे. जे घडले ते घडले, एवढेच मान्य करावयाचे. ते योग्य होते असे मानावयाचे नाही. “हे असे व्हायला नको होते” यावर मन अडकून राहते तोवर पुढचा प्रश्न, “आता काय करायचे?”, उभाच राहत नाही. नुसता स्वीकार फसतो हे तर त्यांनी स्वतःच्या प्रयोगातच पाहिले होते. शिवाय त्यांच्या उपपत्तीत पूर्वकर्माला जागा नाही. उपजतच तीव्र भावना असलेले मूल आणि त्याच्या भावना खोट्या ठरविणारा परिसर, या दोहोंच्या दीर्घ देवघेवीतून विकार घडतो. दोष एकट्या मुलाचा नव्हे. “तुला काही झालेले नाही”, “तू फार मनाला लावून घेतेस” हे ऐकत वाढलेले मूल स्वतःच्या संवेदनांवरचाच विश्वास गमावते.

‘परिसर’ या शब्दाने लिनेहान यांना प्रामुख्याने कुटुंब अभिप्रेत आहे. पुढील विस्तार माझा आहे, त्यांचा नव्हे. वर्गात वेगळे बसविले गेलेल्या मुलाने तक्रार केली आणि “तसे काही नाही, तुझाच गैरसमज आहे” असे उत्तर मिळाले, तर तो नाकार एका घराचा राहत नाही. सबंध समाजच नाकारणारा परिसर होतो. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. अपमानित माणसाला रोगी ठरविणे हा दुसरा अपमान होय. अन्यायावरचा संताप हा विकार नसतो, आणि लिनेहान यांची पद्धतही हे मानते. भावना वस्तुस्थितीला धरून असेल, तर परिस्थिती बदला. धरून नसेल, तर भावनेच्या ओढीच्या उलट वागा, असा तिचा नियम आहे.

लाजेच्या बाबतीत हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. आपण कोणाचे वाईट केले असेल, तर लाज योग्य. तेथे चूक दुरुस्त करावी. पालितील ‘हिरी’ आणि ‘ओत्तप्प’ याच जातीच्या आहेत. पण आपण काहीही वाईट केले नसता, आपले नाव, वस्ती, आईवडिलांचा व्यवसाय वा देहावरचे व्रण यांची लाज वाटत असेल, तर लाजेची ओढ असते लपण्याची. उलट कृती म्हणजे लपणे सोडून देणे, मान ताठ ठेवून, आवाज स्थिर ठेवून, पुन्हा पुन्हा. आडनाव सांगताना अडखळणाऱ्या आपल्या मुलामुलींना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

लिनेहान यांनी स्वतः ही उलट कृती फार उशिरा केली. त्यांच्या हातांवरचे जुने व्रण पाहून एका रुग्णाने विचारले होते, तुम्ही आमच्यापैकीच एक आहात काय? तसे असेल, तर आम्हा सर्वांना केवढी आशा मिळेल. जून २०११ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्या हार्टफर्डच्या त्याच रुग्णालयात गेल्या आणि श्रोत्यांसमोर प्रथमच आपला इतिहास सांगितला. तोवर त्यांच्या पद्धतीच्या चाचण्यांना वीस वर्षे झाली होती. आधी सांगितले असते, तर निष्कर्षांऐवजी लोक व्यक्तीचीच चर्चा करीत बसले असते, असे मला वाटते. म्हणून त्या मौनाला मी भ्याडपणा म्हणणार नाही. २०१७ साली त्यांना मानसशास्त्राचे ग्रॉमायर पारितोषिक मिळाले, २०२० साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

थेरीगाथेतील पटाचारेची येथे आठवण होते. पती, दोन मुले, आईवडील यांच्या मृत्यूने भान हरपून रस्तोरस्ती फिरणाऱ्या या स्त्रीला तथागतांनी प्रथम उपदेश केला नाही, ‘भगिनी, स्मृती परत आण’ एवढेच सांगितले, अशी कथा अट्ठकथेत येते. तिच्या स्वतःच्या गाथांत या शोकाचा उल्लेख नाही. तेथे पाय धुताना वाहणाऱ्या पाण्याचे आणि दिव्याच्या वातीचे निरीक्षण आहे. शोकाचा संदर्भ येतो तो इतर भिक्षुणींच्या गाथांत, ज्यांच्या हृदयातील पुत्रशोकाचा बाण तिने काढला.

एक व्यावहारिक सूचना. विहारांतील ध्यानवर्ग हे या उपचाराचा पर्याय नव्हेत; तीव्र आघातातून गेलेल्या व्यक्तीला दीर्घकाळ मौनात बसविल्याने त्रास वाढूही शकतो, म्हणून शिबिरापूर्वी आयोजकांनी प्रकृतीची विचारपूस अवश्य करावी. या पद्धतीत साधारण वर्षभर दर आठवड्याला एक व्यक्तिगत भेट, एक गटवर्ग आणि प्रशिक्षित चमू लागतो. आपल्याकडे हे खर्चिक आहे आणि मोठ्या शहरांबाहेर मिळणे कठीण आहे. मात्र तातडीच्या प्रसंगी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.